आपल्या घरचे साधे जेवण

शाळेच्या वार्षिकात स्वयंपाकावर लेख कशासाठी, असे कित्येक विद्यार्थ्यांस वाटेल, आणि मुलांस तर हा विषय आपला नव्हेच असे वाटण्याचा संभव आहे. म्हणून आरंभी एक घडलेली गोष्ट सांगतो, म्हणजे आमचा हेतू ध्यानी येईल.

सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते. देऊळघाटाजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी आई तापाने अंथरुणास खिळली होती. वडील पहाटेच शेतात जात, ते दिवेलागणीस परतत. घरी इयत्ता आठवीतील मुलगा व त्याची धाकटी बहीण. दोन दिवस त्या भावंडांनी दुकानातील बिस्किटे व फरसाण ह्यांवर काढले, आणि आजारी आईसही तेच दिले. तिसऱ्या दिवशी मुलगा वर्गात बाकावर डोके टेकून बसला, तेव्हा आम्ही त्यास कारण पुसले. तो म्हणाला, “घरात खायला काही नव्हतं, सर.” पुढे चौकशी करिता असे आढळले की, घरात ज्वारीचे पीठ होते, तुरीची डाळ होती, बेसन, कांदे, मिरच्या, तेल, मीठ, सारे काही होते. नव्हते ते एकच. ह्या वस्तूंचे जेवण कसे करावे ह्याचे ज्ञान. धान्याने भरलेल्या घरात दोन मुले व एक आजारी माता उपाशी राहिली, ही गोष्ट आमच्या मनास फार लागली. आम्ही त्यांना गणित शिकविले, भूगोल शिकविला. परंतु वाटीभर बेसनाचे पिठले कसे करावे हे कोणीच शिकविले नव्हते.

सबब आज आम्ही आपल्या बुलढाणे जिल्ह्यातील घरोघरी असणाऱ्या जिनसांचाच विचार करणार आहो. येथे पक्वान्ने नाहीत. जे जेवण अर्ध्या-पाऊण तासात होते, ज्यास फारसा खर्च नाही, आणि ज्याने अंगी बळ येते, तेवढेच सांगावयाचे आहे.

भाकरी

पैनगंगेच्या काठच्या आपल्या ह्या मुलुखात जेवणाचा पाया ज्वारीची भाकरी हाच होता. हल्ली शेतात सोयाबीन व कापूस वाढला, ज्वारीचा पेरा घटला, आणि सरकारी धान्य दुकानातून बहुधा गहू व तांदूळ मिळतो. त्यामुळे कित्येक घरी भाकरी मागे पडली आहे. सन 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील दर माणशी दरमहा 5 किलो धान्य मिळते, हा गरिबांस मोठाच आधार होय. तथापि ज्वारी अगदीच सोडू नये. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या सूचनेवरून सन 2023 हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. म्हणजे जी भाकरी आपण गरिबाचे अन्न म्हणून खाली मान घालून खात होतो, तिची थोरवी जगाने उघडपणे मानली.

भाकरी थापताना ती का तुटते, हे आधी समजून घ्यावे. गव्हाच्या पिठात पाणी मिसळून मळले की त्यात एक चिवट, ताणला जाणारा पदार्थ तयार होतो. त्यास ग्लूटेन म्हणतात. त्याच्या जोरावर पोळी लाटता येते. ज्वारीत तो नाही. म्हणून ज्वारीच्या पिठास कढत पाणी लागते. कढत पाण्याने पिठातील पिष्ट फुगते व चिकट होते, आणि तो चिकटपणाच भाकरीस धरून ठेवतो. पीठ फार दिवसांचे झाले की त्याची विरी जाते, असे आपल्या आजीबाई म्हणतात, ते खरे आहे. सबब ज्वारी आठवड्यापुरतीच दळून आणावी.

दोन वाट्या पिठात चिमूटभर मीठ घालावे. मध्ये खळगा करून कढत पाणी थोडे थोडे ओतावे व आधी उलथण्याने कालवावे, म्हणजे हात पोळत नाही. मग तळहाताच्या टाचेने खूप मळावे. जितके मळाल तितकी भाकरी चांगली. नवशिक्यांची चूक बहुधा येथेच होते. परातीत कोरडे पीठ पसरून गोळा थापावा. तापल्या तव्यावर टाकून, पिठाची बाजू वर असता तीवर पाण्याचा हात फिरवावा. पाणी सुकू लागताच उलटावी, आणि दुसरी बाजू भाजली की सरळ विस्तवावर धरावी. ती फुगली म्हणजे आतील वाफेने पापुद्रा सुटला असे समजावे. पहिल्या चार भाकऱ्या वाकड्या होतील. त्या वाकड्याच खाव्या. पाचवी गोल होते.

कळण्याची भाकरी तर आपल्या व खानदेशाच्या बाजूची खास आहे. चार भाग ज्वारीत एक भाग अख्खे काळे उडीद व थोडे मीठ घालून दळून आणले की झाले कळण्याचे पीठ. ठेचा, कांदा व वांग्याचे भरीत असले म्हणजे ह्या भाकरीस आणखी काही लागत नाही. ही जोड आपल्या वाडवडिलांनी जमविली, तिच्यात किती शहाणपण आहे ते आता पाहू.

धान्यास डाळीची जोड

शरीराची वाढ व झीज भरून येणे हे काम प्रथिनांचे. प्रथिने ही निरनिराळ्या घटकांच्या साखळ्या असून त्या घटकांपैकी काही शरीरास स्वतः करता येत नाहीत. ते अन्नातूनच यावे लागतात. ज्वारी, गहू, तांदूळ ह्यांत लायसीन नावाचा घटक कमी असतो. डाळींत तो विपुल असतो. पण मेथिओनीन नावाचा दुसरा घटक डाळींत कमी, तो धान्यात पुरेसा असतो. म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. नुसती भाकरी-चटणी खाऊन पोट भरेल, परंतु वाढत्या मुलाचे अंग भरणार नाही. त्याच भाकरीबरोबर वाटीभर वरण अथवा पिठले घेतले की जेवण पुरे झाले.

ह्या विषयाचा शास्त्रीय अभ्यास आपल्या देशात सन 1918 मध्ये कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन ह्यांनी सुरू केला. ती संस्था सन 1958 मध्ये हैदराबादेस गेली व आज राष्ट्रीय पोषण संस्था ह्या नावाने ओळखली जाते. धान्य तीन भाग व डाळ एक भाग हे प्रमाण उत्तम, असे तेथील तज्ज्ञांचे सांगणे आहे. कळण्याचे चारास एक हे प्रमाण त्याच्या किती जवळ जाते पाहा! आपल्या आजीबाईंनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती. परंतु काय खाल्ले म्हणजे शेतातले काम निभते, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते.

येथे सोयाबीनविषयी एक शब्द सांगणे अवश्य आहे. घरात सोयाबीनची पोती रचलेली, आणि ताटात मात्र डाळ नाही, असे दृश्य आम्ही पाहिले आहे. सोयाबीनमध्ये तुरीच्या डाळीहूनही प्रथिने अधिक असतात हे खरे. परंतु कच्च्या दाण्यात पचनास अडथळा करणारे द्रव्य असते. ते उष्णतेने नाहीसे होते. म्हणून सोयाबीन कच्चे कधीही खाऊ नये, व कच्चे दळून पिठात मिसळू नये. भिजवून, चांगले शिजवून मगच खावे.

पिठले व वरण

ज्या मुलाची गोष्ट आम्ही वर सांगितली, त्यास आम्ही पहिल्याने पिठले शिकविले. कारण ह्याहून लवकर होणारा सकस पदार्थ आमच्या माहितीत नाही. चार माणसांस एक वाटी बेसन व तीन वाट्या पाणी घ्यावे. बेसन थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडून घ्याव्या. कढईत दोन चमचे तेल तापले की मोहरी, ती तडतडल्यावर जिरे, मग ठेचलेला लसूण, मिरच्या व चिरलेला कांदा घालावा. कांदा मऊ होताच हळद, मग उरलेले पाणी व मीठ. पाण्यास उकळी आली म्हणजे एका हाताने बेसन ओतावे व दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. घट्ट होऊ लागले की झाकण ठेवून मंद विस्तवावर पाच-सात मिनिटे वाफ द्यावी. ही वाफ चुकवू नये, नाहीतर पिठले कच्चट लागते व पोटात दुखते.

फोडणीचा क्रमही उगाच ठरलेला नाही. मोहरीस अधिक उष्णता लागते, म्हणून ती प्रथम. हळद व तिखट लवकर करपतात, म्हणून ती शेवटी, आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी अथवा भाजी. मसाल्यांतील वास व रुची देणारी द्रव्ये बहुतेक तेलात विरघळणारी आहेत. सबब तेलात चमचाभर जिरे टाकल्याने साऱ्या भांड्यास वास येतो. परंतु त्यासाठी पळीभर तेल नको. भाजीवर तेलाचा तवंग दिसावा, हा मोठेपणाचा प्रकार आहे, आरोग्याचा नव्हे.

वरणास एक वाटी तुरीची डाळ स्वच्छ धुऊन अर्धा तास भिजवावी, म्हणजे सरपण अथवा गॅस वाचतो. तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद व दोन थेंब तेल घालून शिजवावी. मऊ झाल्यावर घोटून मीठ घालावे व लसूण-जिऱ्याची फोडणी द्यावी. डाळ लवकर शिजावी म्हणून कित्येक जण सोडा टाकतात. तसे करू नये. सोड्याने बी-1 हे जीवनसत्त्व नष्ट होते. घाई असेल तर सोड्याऐवजी भिजविण्यास वेळ द्यावा; सकाळी शाळेस निघताना डाळ भिजत घालावयास कितीसा वेळ लागतो?

ह्यांखेरीज दोन पदार्थ सुटीच्या दिवशी करून पाहावे. एक फुणके. तुरीची व हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून मिरची-लसणाबरोबर जाडसर वाटावी, कोथिंबीर व मीठ घालून मुटके वळावे व चाळणीत ठेवून वाफवावे. दुसरा, त्यांच्या जोडीची कढी. ताकात चमचाभर बेसन कालवून मगच विस्तवावर ठेवावे. बेसनाच्या पिष्टामुळे ताक फाटत नाही. मंद विस्तवावर ढवळीत राहावे व खळखळ उकळू देऊ नये. फुणके कढीत बुडवून खावे. ह्यात तळण नाही, आणि डाळ व दूध दोहोंचाही लाभ आहे.

पालेभाजी, लिंबू आणि चहा

आता जे सांगावयाचे आहे, ते विशेषेकरून मुलींच्या व मातांच्या हिताचे आहे. सन 2019 ते 2021 ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळून आले की, महाराष्ट्रातील 15 ते 49 वर्षांच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आहे. जिना चढताना धाप लागणे, अभ्यासात लक्ष न लागणे, सदा थकवा वाटणे, ही त्याची लक्षणे होत. पुष्कळ घरी त्यास आळस असे नाव देतात. हा आळस नव्हे, आजार आहे. दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे व डॉक्टर सांगतील त्या लोहाच्या गोळ्या घ्याव्या. परंतु त्याबरोबर ताटातही काही फेरबदल करता येतो.

मेथी, चवळीचा पाला, शेवग्याचा पाला, अंबाडी ह्या भाज्या आपल्या बाजारात हंगामाप्रमाणे स्वस्त मिळतात, आणि शेवगा तर कित्येकांच्या अंगणातच असतो. पालेभाजी आधी धुवावी व मग चिरावी. चिरून धुतल्यास पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे पाण्याबरोबर वाहून जातात. अंबाडी आंबट असल्यामुळे ती वाफवून पाणी काढावे, आणि शिजविलेली तुरीची डाळ व ज्वारीच्या कण्या तीत घोटून वर लसणाची खमंग फोडणी द्यावी. ज्वारी, डाळ व पाला तिन्ही एका भांड्यात आल्यामुळे ही भाजी म्हणजे एक पुरते जेवणच आहे.

भाज्यांतील व डाळींतील लोह अंगी लागणे कठीण असते. क जीवनसत्त्व जवळ असले म्हणजे ते अधिक शोषले जाते. म्हणून वरणावर अर्धे लिंबू पिळावे, अथवा आवळा, पेरू, कच्ची कोथिंबीर ह्यांतील काही जेवणात असावे. लिंबू शिजवू नये, वाढताना पिळावे. कारण हे जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते. लोखंडी कढईत व तव्यावर शिजविल्याने थोडे लोह अन्नात उतरते. आंबट पदार्थात ते अधिक उतरते. मात्र असा पदार्थ कढईतच ठेवू नये, लगेच दुसऱ्या भांड्यात काढावा.

ह्याच्या अगदी उलट काम चहा करतो. चहातील टॅनीन लोहास धरून ठेवते व अंगी लागू देत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने सन 2024 मध्ये जी आहारविषयक सूचनावली प्रसिद्ध केली, तीत जेवणाच्या आधी व नंतर एक तासपर्यंत चहा-कॉफी टाळावी असे सांगितले आहे. चहात चपाती बुडवून तोच सकाळचा फराळ समजणारे विद्यार्थी आमच्या शाळेत थोडेथोडके नाहीत. त्यांना आमची विनंती आहे की, त्या चहाऐवजी वाटीभर मोडाची मटकी खाऊन पाहावी. मटकी रात्रभर भिजवावी, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवावी. दुसऱ्या सकाळी मोड येतात. भिजताना व मोड येताना दाण्यातील लोह बांधून ठेवणारे द्रव्य घटते व कोरड्या दाण्यात नसलेले क जीवनसत्त्व नव्याने तयार होते. कांदा, मीठ व लिंबू घालून ती नुसती वाफवावी. पाच मिनिटांचे काम.

उरलेले अन्न

अन्न टाकू नये, ही शिकवण योग्यच आहे. पण कोणते ठेवावे व कोणते टाकावे हेही कळले पाहिजे. रात्रीची भाकरी सकाळी कुस्करून कांदा, मिरची व शेंगदाणे घालून फोडणीस टाकली की न्याहारी झाली. वर ताक घेतल्यास उत्तमच. भाकरी कोरडी असते, म्हणून टिकते. भाताची गोष्ट निराळी. शिजलेला भात उबदार जागी तासन्‌तास राहिला तर त्यात एक प्रकारचे जंतू वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भात उरला तर लवकर निववून थंड जागी ठेवावा व दुसऱ्या दिवशी सकाळीच संपवावा. वास आला अथवा चिकटा सुटला तर मोह धरू नये. शेंगदाण्यास हिरवी वा काळी बुरशी आलेली असेल तर तो दाणा निवडून फेकावा. तिचे विष यकृतास घातक आहे.

आठवड्याची आखणी

आज काय करावे, ह्या विचारातच पुष्कळ गृहिणींचा जीव शिणतो. म्हणून आम्ही एक साधी आखणी सुचवितो. सोमवारी वरण, भाकरी व मेथीची भाजी. मंगळवारी पिठले, भाकरी व कच्चा कांदा. बुधवारी मटकीची उसळ व पोळी. गुरुवारी मुगाच्या डाळीची खिचडी व ताक. शुक्रवारी अंबाडीची अथवा शेवग्याची भाजी व भाकरी. शनिवारी कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत व ठेचा. रविवारी सर्वजण घरी असतात, तेव्हा फुणके व कढी. आणि ज्यांच्या घरी चालते त्यांनी अंडी अथवा मासळी अवश्य करावी, कारण त्यांतील पोषण अंगी लवकर लागते. ही आखणी कागदावर लिहून चुलीजवळ चिकटवावी. आई शेतावर गेली असता मुलांनी ती पाहावी, व निदान डाळ भिजत घालणे, भाजी निवडणे, कांदा चिरणे एवढी तयारी करून ठेवावी.

पाककृतींची पुस्तके मराठीत जुनी आहेत. लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे पुस्तक सन 1910 मध्ये निघाले, आणि कमलाबाई ओगले ह्यांची ‘रुचिरा’ सन 1970 पासून घरोघरी गेली. ही पुस्तके गृहिणींसाठी म्हणून लिहिली गेली. परंतु विस्तवास स्त्री-पुरुष हा भेद कळत नाही, आणि भूकही तो मानीत नाही. पुढे शिक्षणासाठी बुलढाणे, अकोला अथवा पुणे येथे खोली घेऊन राहण्याची वेळ आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांवर येईल. तेव्हा ज्यास वरण-भाकरी येते तो सुखी राहील. ज्यास येत नाही, तो वडिलांच्या कष्टाचा पैसा खाणावळीस देऊन वर पोटही बिघडवून घेईल.

शेवटी पालकांस एक नम्र सूचना. आपल्याकडे आई सर्वांस वाढून मागाहून जेवते. तोपर्यंत वरण तळाशी गेलेले असते, भाजी संपलेली असते, आणि तिच्या वाट्यास भाकरी व चटणी उरते. घरातील स्त्रियांस रक्त कमी असण्याची कारणे आम्ही वर सांगितली. त्यांत हेही एक मोठे कारण आहे, आणि ते दूर करावयास एक पैसाही लागत नाही. सर्वांची ताटे एकदम वाढावी. मुलांनी उठून वाढावयास मदत करावी, म्हणजे आईसही पंक्तीस बसता येईल.

ज्या मुलाच्या गोष्टीने आम्ही आरंभ केला, तो आता नववीत आहे. मध्यंतरी त्याची माता शाळेत आली होती. आम्ही त्याच्या अभ्यासाविषयी बोलू लागलो, तर ती माउली म्हणाली, “ते असू द्या, गुरुजी. परवा मी शेतातून आले, तर यानं पिठलं करून ठेवलं होतं. मीठ जास्त झालं होतं. पण माझ्या हाती आयतं ताट कोणी दिल्याचं मला आठवत नाही.” एवढे बोलून तिने पदराने डोळे पुसले. त्या मुलास गणितात जे गुण मिळाले ते आम्ही विसरलो आहो; हे मात्र विसरणार नाही.

मीठ कमी-जास्त होईल, भाकरी वाकडी होईल. वाचकहो, हे पान मिटून ठेवताच स्वयंपाकघरात जा, आणि उद्याची डाळ भिजत घाला.